डोळ्याखाली काजळाचा ओघळ: फ्लायर नावाचा सनफिश ओळखायचा कसा, धरायचा कसा

नॉर्थ कॅरोलायनात राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये मी मर्चंट्स मिलपाँड या तळ्यावर पहिल्यांदा गळ टाकला. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, त्यातून वर आलेली सायप्रसची झाडं, फांद्यांवरून लोंबणारं राखाडी स्पॅनिश मॉस. बूच दोनदा थरथरलं आणि आडवं सरकत गेलं. वर आला तो तळहाताएवढा, चपटा, जवळजवळ गोल मासा. मी फोटो काढला, मासा सोडून दिला आणि वहीत लिहिलं, ‘ब्लूगिल, १’.

रात्री घरी तो फोटो मोठा करून पाहिला आणि वहीतली नोंद खोडावी लागली. माशाच्या पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे जो पर असतो, त्यात मला आठ काटे दिसत होते. ब्लूगिलच्या त्या परात तीनच काटे असतात, कमी नाहीत की जास्त नाहीत. माझ्या हातात आलेला मासा फ्लायर होता. त्याच्या वाट्याचं पाणी सोडलं तर तो कुठे सापडत नाही आणि ज्यांच्या हाती लागतो त्यांपैकी बरेच जण मी केली तशीच चूक करून त्याला सोडून देतात. ती चूक टाळता यावी म्हणून हा लेख.

आधी ‘सनफिश’ या शब्दाचा गुंता सोडवू. समुद्रात मोला नावाचा जातं उभं केल्यासारखा दिसणारा प्रचंड मासा असतो, त्यालाही इंग्रजीत सनफिशच म्हणतात. त्याचा इथे काही संबंध नाही. गोड्या पाण्यातले सनफिश म्हणजे सेंट्रार्किडी कुळातले मासे. हे कुळ मूळचं फक्त उत्तर अमेरिकेचं. आपल्याकडच्या नद्यांमध्ये त्याचा एकही मूळ प्रतिनिधी नाही, त्यामुळे कृष्णेकाठी लहानपण घालवलेल्या माझ्यासारख्याला इथे सगळं नव्याने शिकावं लागलं. या कुळात आज आठ प्रजाती आहेत (प्रजाती म्हणजे जीनस; एका प्रजातीत एक किंवा अनेक जाती असतात). अमेरिकेतले गळवाले ज्याच्यासाठी जीव टाकतात तो लार्जमाउथ बास याच कुळातला, क्रॅपी याच कुळातला आणि पोरासोरांच्या पहिल्या गळाला लागणारा ब्लूगिलही याच कुळातला.

गंमत अशी की या सगळ्या कुळाला नाव मिळालंय ते आपल्या अपरिचित फ्लायरवरून. त्याचं शास्त्रीय नाव सेंट्रार्कस मॅक्रोप्टेरस. फ्रेंच निसर्गअभ्यासक लासेपेद याने १८०१ मध्ये या जातीचं वर्णन केलं. ‘मॅक्रोप्टेरस’ म्हणजे मोठ्या पराचा. ‘सेंट्रार्कस’मध्ये दोन ग्रीक शब्द आहेत, काटा आणि गुद. गुदाजवळच्या परात काटे असलेला, असा त्याचा सरळ अर्थ. म्हणजे हा मासा ओळखण्याची खूण नाव ठेवणाऱ्यांनी नावातच घालून ठेवली आहे. सेंट्रार्कस प्रजातीत आज जिवंत असलेली ही एकच जाती.

काटे मोजायचे, रंग नंतर

मासा ओळखताना आपली नजर आधी रंगावर जाते आणि फसगत होते ती तिथेच. सनफिशचा रंग भरवशाचा नसतो. गढूळ किंवा काळ्या पाण्यातला मासा गडद होतो, उघड्या स्वच्छ तळ्यातला तोच मासा फिका पडतो. विणीच्या दिवसांत नराला वेगळाच रंग चढतो. पाण्याबाहेर काढल्यावर भीतीने काही क्षणांतच पट्टे उमटतात किंवा पुसले जातात. त्यात ब्लूगिल, ग्रीन सनफिश आणि त्यांचे भाऊबंद एकमेकांशी संकर करतात, त्यांची पिल्लं धड इकडची दिसत नाहीत की तिकडची. काट्यांची संख्या मात्र पाण्याच्या रंगाने बदलत नाही.

पराच्या पुढच्या भागात असतात ते काटे: कडक, टोकदार, एकसंध. मागच्या भागात असतात ते मऊ किरण: वाकणारे आणि टोकाशी फाटे फुटलेले. घरी मासे साफ करताना बोटात घुसतात ते पहिल्या प्रकारचे. उजनीची चिलापी ज्यांनी निवडली असेल त्यांना हा फरक बोटांनीच माहीत असतो. चिलापी सनफिशची नातेवाईक नाही, पण अंगाचा घाट बराच मिळताजुळता आहे आणि तिच्याही खालच्या परात तीनच काटे असतात, म्हणून मोजणीचा सराव करायला ती उत्तम.

फ्लायरचा हिशेब असा: पोटाखालच्या मागच्या परात सात किंवा आठ काटे, पाठीवरच्या परात बहुधा अकरा किंवा बारा, क्वचित एखादा कमी-जास्त. दोन्ही आकडे एकत्र घ्यायचे, एकावर थांबायचं नाही. याचं कारण क्रॅपी. ब्लॅक क्रॅपीच्या खालच्या परातही सहा-सात काटे असतात, त्यामुळे फक्त खाली मोजलं तर घोळ होतो. पण क्रॅपीच्या पाठीवर सात-आठच काटे असतात. पाठीवर अकरा दिसले की क्रॅपी बाद. रॉक बास आणि त्याचे जवळचे भाऊ यांच्या पाठीवर फ्लायरइतकेच काटे असतात, खाली मात्र बहुधा सहा. शिवाय त्यांचा डोळा लाल, अंग जाडसर आणि खालचा पर वरच्यापेक्षा उघडच आखूड. वॉरमाउथ या दलदलीत भरपूर. त्याच्या खाली तीनच काटे आणि जबडा फ्लायरच्या दुप्पट वाटावा असा. याच काळ्या पाण्यात मड सनफिश नावाचा आणखी एक विरळा मासा राहतो. तो रात्री फिरणारा. त्याची शेपटी टोकाला गोल असते, फ्लायरसारखी मध्ये खाच पडलेली नसते, आणि खाली बहुधा पाच काटे.

एक सावधगिरी. खालच्या परातला पहिला काटा फार लहान असतो आणि खवल्यांच्या कडेत दबून बसतो. तो सुटला की आठाचे सात होतात आणि साताचे सहा. म्हणून मोजताना शेपटीकडून न मोजता पोटाकडून सुरुवात करायची, नखाने पहिला काटा उभा करून.

काटे मोजून खात्री झाली की मग बाकीच्या खुणा पाहायचा आनंद घ्यावा, कारण हा मासा देखणा आहे. डोळ्यातून खाली गालावर उतरणारी काळी रेघ. मला ती पाहिली की लहान बाळाचं काजळ रडून ओघळलेलं आठवतं. अंगावर प्रत्येक खवल्यावर एक गडद ठिपका आणि ते ठिपके ओळीने लागल्यामुळे अंगभर बारीक रेघा ओढल्यासारख्या दिसतात. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर जवळजवळ सारख्याच आकाराचे, दोन्ही रुंद आणि मागे पसरलेले. हातात आडवा धरला तर वरची बाजू कोणती आणि खालची कोणती असा क्षणभर संभ्रम पडावा इतके सारखे. तोंड लहान. पिल्लांच्या पाठीवरच्या परात मागच्या बाजूला नारिंगी कड्याने वेढलेला काळा ठिपका असतो, अगदी डोळ्यासारखा. शत्रूने डोकं समजून तिकडे झडप घालावी आणि पिल्लाचं खरं डोकं वाचावं असा त्याचा उपयोग मानला जातो. मासा वाढतो तसा हा ठिपका पुसट होत जातो. ब्लूगिलच्या पाठीवरच्या परातही मागे काळा डाग असतो, पण त्याला कडं नसतं. शिवाय त्याच्या कल्ल्याच्या झाकणाचं मागचं टोक कानाच्या पाळीसारखं काळंभोर बाहेर आलेलं असतं. फ्लायरला तशी काळी पाळी नाही.

आकाराबद्दल फार आशा धरू नये. बहुतेक फ्लायर तळहातात मावतात, वीस सेंटिमीटरचा म्हणजे चांगला मोठा, आणि विक्रमात नोंदलेले मासेसुद्धा पाऊण किलोच्या आतले आहेत.

आधी पाणी शोधा

फ्लायर दुर्मिळ आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर असं: त्याचं पाणी दुर्मिळ आहे. मेरीलँड-व्हर्जिनियाच्या किनारी मैदानापासून फ्लोरिडापर्यंत, पश्चिमेला टेक्सासपर्यंत आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातून वर दक्षिण इलिनॉय आणि इंडियानापर्यंत तो सापडतो. नकाशावर हा पट्टा मोठा दिसतो. प्रत्यक्षात त्यातल्या सखल, संथ, झाडोऱ्याने भरलेल्या दलदली, नद्यांची सोडलेली वळणं आणि जुनी गिरणीतळी एवढीच त्याची जागा. वाहत्या खडकाळ नदीत किंवा मोठ्या धरणाच्या उघड्या पाण्यात दिवसभर बसलं तरी तो भेटत नाही.

या पाण्याचा काळपट रंग घाणीचा नसतो. झाडांची पानं, साली, मुळं वर्षानुवर्षं पाण्यात कुजत राहतात. त्यातून टॅनिन आणि तत्सम आम्लं पाण्यात उतरतात, चहाच्या भुकटीतून उतरतात तशीच. जमीन वाळूची आणि कुजलेल्या पाल्याची असल्यामुळे आम्ल मारायला चुना जवळजवळ नसतोच. त्यामुळे पाणी आम्लधर्मी होतं. जॉर्जियातल्या ओकेफिनोकी दलदलीत पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, चारच्या आसपास असतो. शुद्ध पाण्याचा पीएच सात असतो आणि पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, हे लक्षात घेतलं तर चार म्हणजे काय ते कळेल. अशा पाण्यात ब्लूगिलसारख्या माशांची वीण नीट होत नाही. फ्लायरला ते सोसतं. म्हणूनच इतर ठिकाणी शोधून न सापडणारा हा मासा ओकेफिनोकीत मुबलक आहे. जिथे इतरांना जगणं अवघड, तिथे त्याला स्पर्धा कमी.

(त्याच ओकेफिनोकीच्या पाण्यावर पिवळ्या फुलांची एक तरंगती वनस्पती पसरलेली असते, युट्रिक्युलारिया. कासच्या पठारावर पावसाळ्यात जांभळी-निळी सीतेची आसवं फुलतात ती याच प्रजातीतली. फुग्यासारख्या पिशव्यांत बारीक जीव पकडून खाणारी. तिचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा ओळखीचं माणूस परक्या गावात भेटावं तसं झालं.)

माझं नेहमीचं ठिकाण मर्चंट्स मिलपाँड. गेट्स काउंटीत बेनेट्स क्रीक या ओढ्याला १८११ मध्ये बांध घालून हे तळं झालं, गिरणी चालवण्यासाठी. आजूबाजूला दुकानं आली, व्यापाऱ्यांचं तळं म्हणून नाव पडलं. सुमारे ७६० एकरांचं हे पाणी १९७३ पासून राज्याच्या उद्यानात आहे. कॅरी-मॉरिसव्हिल भागात आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना सकाळी निघून संध्याकाळी घरी परतण्यासारखं ते अंतर आहे. तिथे कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) भाड्याने मिळते आणि कनूशिवाय फारसा उपयोग नाही, कारण मासे झाडांच्या बुंध्यांपाशी असतात. तळ्यात ॲलिगेटर आहेत. त्यांच्या उत्तरेकडच्या हद्दीचं हे टोक. ते क्वचित दिसतात, पण मुलांना हातपाय पाण्यात सोडून बसू देऊ नये. तिथून थोडं उत्तरेला व्हर्जिनियात ग्रेट डिस्मल स्वॉम्प आहे, त्याच्या पोटातल्या लेक ड्रमंडमध्येही फ्लायर आहेत.

जिथे दलदल गेली तिथून तो गेला. आग्नेय मिसुरीत एके काळी मैलोन्‌मैल दलदल होती. १९०७ मध्ये तिथे लिटल रिव्हर ड्रेनेज डिस्ट्रिक्ट स्थापन झाला, कालवे खणून पाणी काढून दिलं गेलं, जंगल तोडून शेती आली. आज त्या भागात फ्लायर पाहायचा तर १९४४ मध्ये राखलेल्या मिंगो वन्यजीव आश्रयक्षेत्रासारख्या उरलेल्या तुकड्यांकडे जावं लागतं. शेतीला जमीन हवी होती हे मला समजतं, मी शेतकऱ्याच्याच घरातला आहे. पण नुसतं ‘पडीक दलदल’ म्हणून जे काढून टाकलं त्यात कुणाचं घर होतं, हे मोजायला त्या वेळी कुणी थांबलं नाही, याचं वाईट वाटतं.

गळ टाकताना

सगळ्यात आधी परवाना. नॉर्थ कॅरोलायनात सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला गोड्या पाण्यात गळ टाकायला राज्याचा परवाना लागतो आणि तो वन्यजीव आयोगाच्या संकेतस्थळावर काढता येतो. दिवसाला किती मासे ठेवता येतात हेही तिथेच बघून घ्यावं. सुट्टीवर आलेल्या आईवडिलांच्या हातात हौसेने काठी देतानाही हा नियम लागू आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

फ्लायरचं तोंड लहान आणि खाणं बारीक. त्याच्या कल्ल्यांच्या आत कंगव्यासारखे लांब, दाट दाते असतात. त्यांतून तो पाण्यातले बारीक कवचधारी जीव गाळून घेतो. डासांच्या अळ्या, पाण्यात पडलेले किडे, छोटी कोळंबीसारखी जनावरं आणि कधीमधी एखादं पिल्लू हे त्याचं जेवण. म्हणून गळ लहान हवा, आठ ते दहा नंबरचा. (या मोजणीत नंबर वाढला की गळ लहान होत जातो, नवख्यांनी हे ध्यानात ठेवावं.) तंगूस बारीक, बूच पेन्सिलीएवढं किंवा त्याहून लहान, आणि बुचापासून गळापर्यंत दीड-दोन फूट अंतर. खाली शिसाचा एखादाच मणी. आमिषाला गांडुळाचा नखाएवढा तुकडा पुरतो. अख्खं गांडूळ लावलं तर मासा दोन्ही टोकं कुरतडून जातो आणि आपण रिकामा गळ बघत बसतो. इकडच्या दुकानांत जिवंत रातकिडे मिळतात, तेही चांगले चालतात. ज्यांना फ्लाय फिशिंग, म्हणजे नकली माशी किंवा किडा टाकून मासे धरणं, येतं त्यांनी हलकी काठी न्यावी आणि लहान बीटल किंवा काळी-पिवळी छोटी माशी सावकाश बुडू द्यावी. माझ्या मते या माशाची खरी मजा तिथेच आहे. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर माशी पडते, बुडते, आणि काळ्या पाण्यात एक चपटी रुपेरी बाजू उलटलेली दिसते.

घाई करायची नाही. फ्लायर आमिष गिळून धूम ठोकत नाही. चाखतो, थांबतो, मग बाजूला नेतो. बूच बुडायची वाट पाहिली तर बरेचदा उशीर होतो. बूच आडवं सरकायला लागलं की मनगटाने हलकेच उचलायचं.

ऋतू वसंताचा, तोही लवकरचा. पाणी साधारण १७ अंश सेल्सिअसला पोहोचलं की नर तळाशी खळगा करून घरटं करतात. नॉर्थ कॅरोलायनात म्हणजे ढोबळमानाने मार्चअखेर ते एप्रिल-मे. ब्लूगिलची वीण त्यानंतर, पाणी चांगलं तापल्यावर. त्यामुळे मार्चच्या गारठ्यात जेव्हा बाकीचे सनफिश सुस्त असतात, तेव्हा फ्लायर गळाला लागतो. अंडी घातल्यावर नर घरट्यावर राखण करतो. उथळ पाण्यात एकाच खळग्यावर घोटाळणारा मासा दिसला तर तिथे गळ टाकू नये. तो उचलला की दहा-पंधरा मिनिटांत आसपासचे मासे अंड्यांवर ताव मारतात. हे काही कायद्याने सांगितलेलं नाही, मी पाळतो आणि बरोबर येणाऱ्यांना पाळायला लावतो.

मासा हाताळण्याआधी हात पाण्यात बुडवून ओले करायचे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्या जागी बुरशी लागते. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला की काटे आपोआप मिटतात. उलट फिरवला तर बोटं रक्ताळतात. गळाच्या टोकाजवळचं मागे वळलेलं बारीक आकडं घरूनच पकडीने दाबून नेलं तर गळ एका क्षणात सुटतो. मोजणी आणि फोटोसाठी मी एक पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी डबा ठेवतो. त्यात तळ्याचंच पाणी भरायचं, मासा सोडायचा. पाण्यात तो पर आपणहून उघडतो, हातात धरल्यावर उघडत नाही. डब्याच्या बाजूने एक फोटो पूर्ण अंगाचा, एक फक्त खालच्या पराचा. मिनिटभरात मासा परत तळ्यात. काटे घरी बसून, फोटो मोठा करून, शांतपणे मोजता येतात. माझी पहिली चूक अशाच फोटोमुळे सापडली होती.

धरलेला मासा जिवंत घरी आणून दुसऱ्या तळ्यात सोडायचा मोह आवरावा. १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना ब्लूगिल भेट दिले. खाण्यासाठी वाढवावेत म्हणून ते जपानला गेले, तिथून पाण्यात पसरले आणि तिथल्या मूळच्या माशांच्या मुळावर उठले. २००७ मध्ये सम्राट अकिहितो यांनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

खायचं म्हटलं तर फ्लायर चवीला गोडसर, पण काटेरी आणि लहान. हळद, मीठ, तिखट, आमसुलाचं आगळ लावून अर्धा तास ठेवावा आणि रव्यात घोळवून कुरकुरीत तळावा. मोठ्या तीन-चार माशांत एका माणसाचं जेवण होतं. याच पाण्यातल्या दुसऱ्या माशांबद्दल मात्र सांभाळून राहायला हवं. आम्लधर्मी दलदलीत हवेतून पडलेल्या पाऱ्याचं जिवाणूंमुळे मिथाइल मर्क्युरी होतं. ते बारीक जीवांतून छोट्या माशांत आणि छोट्यांतून मोठ्या शिकारी माशांत साठत जातं. नॉर्थ कॅरोलायनाचं आरोग्य खातं गरोदर होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना, बाळाला अंगावर पाजणाऱ्या आयांना आणि लहान मुलांना लार्जमाउथ बास खाऊ नये असं सांगतं. आंतरराज्य महामार्ग ८५ च्या दक्षिण-पूर्वेकडच्या पाण्यातले बोफिन आणि चेन पिकरेल हे शिकारी मासेही त्याच यादीत आहेत. मर्चंट्स मिलपाँड त्याच बाजूला येतं. तिथे फ्लायरच्या मागे लागलं की पिकरेल हमखास गळाला येतो, लांबट, सुळेदार, डोळ्याखाली तशीच काळी रेघ असलेला. रेघ बघून फसू नका आणि तो घरच्या मुलांच्या ताटात वाढू नका.